टाचणी मावशी

मावशीच्या दातांच्या तारा कापायची पकड मी कँटीनमध्ये विसरलो, ती माझ्या चपलेपायी. पकड पलंगाच्या डोक्याशी लाल फितीला टांगलेली असायची. सिस्टरने बजावलं होतं, "ऑपरेशननंतर वरचे-खालचे दात तारेने बांधलेत. उलटी झाली तर बाहेर यायला वाट नाही. ही पकड इथून हलता कामा नये." मी मान डोलावली. मान डोलावण्यात शाळेपासून माझा हात कुणी धरलेला नाही. पण चपलेचा खिळा वर आला होता, पायाला टोचत होता, आणि समोर इतकी झकास पकड लटकत होती. खाली जाऊन खिळा दाबला, चहा प्यायलो आणि चपलेकडे कौतुकाने बघत हात हलवत वर आलो.

वॉर्डात जेवणं वाटत होते तेव्हा मावशीला उबळ आली. सिस्टरचा हात फितीकडे गेला. फितीच्या टोकाला काहीच नव्हतं. मावशीचे डोळे बाहेर आले, दातांच्या फटींतून पिवळट पाणी झिरपू लागलं, आणि ती माझा शर्ट धरून ओढत राहिली. सिस्टरने तिला कुशीवर वळवलं, गाल आणि दातांच्या मधून पाणी ओढणारी नळी आत सारली. शेजारच्या वॉर्डातून कुणीतरी दुसरी पकड घेऊन धावत आलं. तारा तुटतानाचा तो टक् टक् आवाज मला अजून नखं कापतानाही ऐकू येतो.

मावशी वाचली. सिस्टर मला इतकंच म्हणाली, "पकड वॉर्डाची आहे. आणून द्यायची."

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. एका शिंप्याच्या दुकानात फिटिंग करायची. गिऱ्हाईक स्टुलावर उभं, मावशी त्याच्या पायाशी गुडघ्यांवर, ओठांत टाचण्यांची रांग. कापड दुमडायचं, ओठांतली टाचणी काढायची, खुपसायची. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, सांगायचे, "किती टाचण्या उरल्यात ते हिला ओठांवरूनच कळतं. आम्हाला बोटांनी मोजूनही कळत नाही."

तिचा खालचा जबडा पुढे आला होता, टेबलाचा ड्रॉवर अर्धा उघडा राहावा तसा. पुढचे दात एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. दाताने दोरा तोडता येत नसे. दोऱ्यासाठी कात्री शोधत बसणारी दुकानात ती एकटीच. घास अख्खा गिळायचा आणि मग पोट धरून बसायचं. पण तोंडात टाचण्या असल्या की चेहऱ्याकडे कुणी बघत नाही, आणि बोलावंही लागत नाही, हे तिने फार लवकर हेरलं होतं. घरातल्या लग्नांच्या फोटोंत ती एक तर कुणाच्या तरी खांद्यामागे, नाहीतर नवरीच्या पायाशी, ओठांत टाचण्या धरून. आम्ही पोरं तिला टाचणी मावशीच म्हणायचो.

मग कानाजवळ जबडा ठणकायला लागला. खाणं पातळावर आलं. डॉक्टरांनी तिच्या दातांचा प्लास्टरचा साचा टेबलावर ठेवला. "खालचं हाड दोन्ही बाजूंनी तोंडाच्या आतून कापायचं, मागे सरकवायचं. वरचं कापून थोडं पुढे घ्यायचं. मग पट्ट्या आणि स्क्रू."

आई पांढरीफटक पडली. मावशीने साचा उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे आल्टर करायचंय."

"तसंच समजा."

"मार्जिन किती ठेवता? पुन्हा उसवायची वेळ आली तर?"

डॉक्टर हसले, मग हसायचे थांबले. "खालच्या ओठाची नस त्याच हाडातून जाते. ओठ बधिर होईल. बहुतेकांचा वर्षभरात सुधारतो. काहींचा नाही."

मावशीने ओठावरून बोट फिरवलं. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "अगं, या वयात कशाला?"

"ताई, मला एकदा सफरचंद चावून खायचंय. चिरलेलं नको."

ऑपरेशन झालं. त्यात पकडीचं प्रकरण झालं. सूज उतरल्यावर तिने आरसा मागितला आणि म्हणाली, "या बाईंना कुठेतरी पाहिलंय." मी सफरचंद आणलं. तिने दात रोवले, कचकन आवाज आला, आई रडायला लागली. मी टाळी वाजवणार तोच सफरचंदाच्या पांढऱ्यावर लाल दिसलं. तिने स्वतःचा ओठ चावला होता, आणि ती चावतच होती.

"काय बघताय? गोड आहे."

दुकानात पहिल्याच दिवशी टाचण्या ओठांतून एकेक करून गळाल्या. ज्या राहिल्या त्या ओठात रुतल्या, आणि ते तिला कळलं गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर थेंब पडल्यावर. मास्तरांनी टाचण्यांची उशी तिच्या मनगटाला बांधली. आता तोंड रिकामं. गिऱ्हाइकं गप्पा मारायला लागली. एकजण म्हणाली, "किती छान हसता हो!" मावशीचा हात आपसूक हनुवटीवर गेला. मनगटावरून टाचणी काढायची तर हातातलं कापड सुटे, काम रेंगाळे. शेवटी मास्तरांनी तिला आत बटणं लावायला बसवलं. "ओठाला जाण येईपर्यंत," म्हणाले.

म्हणून सगळं अडलं होतं वर्षाच्या तपासणीवर. मी सोबत गेलो. चपला नव्या होत्या. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले आणि कापसाचा बोळा उचलला.

"कळतंय का ते सांगा."

"हो, कळतंय," मावशी लगेच म्हणाली.

बोळा अजून हवेतच होता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नव्या चपलांकडे पाहिलं. मग त्यांनी खरंच बोळा टेकवला, नंतर सुई, ओठाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मावशी डोळे मिटून वाट बघत राहिली.

"लावलं का?" तिने विचारलं.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "आता फारसं परत येईल असं वाटत नाही."

मावशीने डोळे उघडले, ओढणीने हनुवटी पुसली. तिथे काही नव्हतं, पण तिला ते कसं कळणार? "म्हणजे मार्जिन नव्हतंच," ती म्हणाली.

जिन्यात सिस्टर भेटली. "काय हो भाचेबुवा, पकड?"

कँटीनवाला त्या पकडीने दुधाचं पातेलं उतरवतो. मी मागितली की म्हणतो, "ही? ही तर आमच्या सासऱ्यांची."

"उद्या आणतो," मी मान डोलावली.

"आण रे बाबा," मावशी म्हणाली. "त्या पलंगावर आता दुसरं कुणीतरी झोपलं असेल."

अजून नेऊन दिलेली नाही.