बैठकीचं एक तिकीट

मला काळजी करायला कारण लागत नाही. गॅसचा नंबर लावला तरी सिलिंडर दारात येईपर्यंत मी खिडकीतून हलत नाही. बायको म्हणते, "काळजी संपली तर तुम्हाला करमायचं न्हाय." अशा माणसावर संगीत महोत्सवाचं तिकीट काढायची जबाबदारी येणं मुळातच चुकीचं होतं. पण भाची माझ्याकडे राहत होती, म्हणजे ते काम दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडणार?

भाची म्हणजे मुरगूडच्या अक्काची, माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. कॉलेजसाठी कोल्हापुरात आली आणि कॉलेज संपल्यावर गाण्यासाठी राहिली. कळंब्याच्या आमच्या घरात उजाडायच्या आत तिचा तंबोरा सुरू व्हायचा. यंदा तिच्या गाण्याच्या बाई महोत्सवात रविवारी सकाळी गाणार होत्या आणि त्यांच्या मागे तंबोऱ्यावर ही बसणार होती. पोरगी हवेत होती. मी मात्र लगेच काळजीत, कारण दाजींना मी ओळखतो.

दाजी म्हणाले, "एवढी वर्षं शिकून मागं बसून तारा छेडायच्या व्हय? ते कोण बी करंल." माणूस वाईट नाही. म्हशी, दूधसंस्था आणि ऊस एवढ्यावर त्यांनी घर उभं केलंय, आणि ज्या कामातून काही उभं राहिलेलं दिसत नाही ते त्यांना काम वाटत नाही. त्यात भाचीला एक चांगलं स्थळ सांगून आलं होतं. पाहुणे बघायला यायचे होते. तेव्हा अक्का मध्ये पडली. म्हणाली, "मी एकदा माझ्या डोळ्यानं बघून येते. मग ठरवू." आणि दाजींनी चक्क मान्य केलं. "जा. तू बघून ये, आन् तू म्हणशील तसं."

म्हणजे भाचीचं कोल्हापुरात राहणं आता अक्काच्या दोन डोळ्यांवर आलं, आणि अक्काचे डोळे माझ्या तिकिटावर.

अक्काचा फोन आला, "तिकीट मिळंल न्हवं?"

"मिळंल? अगं, काढलंय म्हणून समज!"

ही आमची बोलायची रीत. काम हातात घ्यायच्या आधीच आम्ही ते करून टाकलेलं असतं. कुणी म्हणालं, गाडी पाहिजे, की दारात आली म्हणून समज. त्यात खोटेपणा नसतो, जीव असतो. अक्का इथलीच, तिला हे कळायला हवं होतं. पण भावाचा शब्द म्हणून तिने तो खरा धरला आणि म्हशींची धार काढायला जावेला सांगूनही टाकलं.

ऑनलाइन विक्री सुरू झाली त्या सकाळी मी रजा टाकून मोबाइल घेऊन बसलो. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं. अखेर बैठकीची, म्हणजे खाली गादीवर बसायची, एक जागा सापडली, तर ओटीपी बायकोच्या फोनवर गेला आणि बायको फोन घेऊन भाजीला गेलेली. ती मंडईतून ओरडून आकडे सांगेपर्यंत पडद्यावर तिकिटं संपल्याचं आलं. मी तिच्यावर खेकसलो. ती म्हणाली, "मी काय भाजीला जायाचं न्हाय का?"

कलाकारांच्या माणसांना पास असतात, हे मलाही माहीत होतं. पण पास बाईंच्या हातात, आणि बाईंकडे काही मागायची भाचीची टाप नाही. मी मागतो म्हटलं, तर तिचे डोळे भरले. "मामा, तू काय बी बोलू नको. गाणं तोंडावर आलंय त्यांचं." मग मी बाईंचा विषय सोडला, पण आतून धुमसत होतो. जिच्यासाठी एवढा खटाटोप, तिनंच हात बांधून ठेवले होते.

शेवटची आशा म्हणजे शनिवारी सभागृहाच्या खिडकीवर मिळणारी बैठकीची थोडी तिकिटं. मी सकाळीच गेलो, तर माझ्या आधी रांग होतीच. माणसं कमी आणि वस्तू जास्त. हेल्मेट, पाण्याची बाटली, वीट, एक छत्री, आणि चपला. मालक सगळे समोरच्या टपरीवर चहा पीत होते. मी कुठलीही वस्तू ठेवली नाही, स्वतःच उभा राहिलो. चपलेवर भरवसा ठेवून चहा पिणारा माणूस मी नव्हे.

खिडकी उघडायच्या सुमाराला माझ्यापुढे एक धिप्पाड गृहस्थ येऊन उभे राहिले.

"ओ, रांग मागनं हाय," मी म्हणालो.

"पावणं, ही काय माझी चप्पल."

"चप्पल गाणं ऐकणार हाय काय?"

"मग ती इट काय गाणं ऐकणार हाय? समद्यांनीच कायतरी ठेवलंय की!"

आवाज चढले. लोक मध्ये पडले आणि निकाल चपलेच्या बाजूने लागला. मी रागाने लाल होऊन त्यांच्या पाठीकडे बघत उभा राहिलो. तेवढ्यात अक्काचा फोन. आमच्याकडे फोनवर हळू बोलायची पद्धत नाही. दूरच्या माणसाशी मोठ्यानेच बोलायचं असतं.

"काढलंस न्हवं रं तिकीट? न्हायतर उगंच हेलपाटा. ह्यांनी परत सोडायचं न्हाईत मला."

"काढलंय की, अक्का! खिशात हाय! लेकीला बघाय ये तू बिनघोर!"

फोन ठेवला तर सगळी रांग माझ्याकडे बघत होती. एक बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. चपलेवाले गृहस्थसुद्धा वळले आणि परत पुढे बघू लागले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

माणशी दोन तिकिटं देत होते. रांग सरकत होती आणि मी पुढची डोकी पुन्हा पुन्हा मोजत होतो. चपलेवाल्यांनी दोन तिकिटं घेतली. मी पुढे झालो, हात खिडकीत घातला, आणि आतला माणूस म्हणाला, "संपली."

मला भांडताही आलं नाही. मी तिथेच पायरीवर बसलो. अक्काला काय सांगू, याच्यापेक्षा भाचीला काय सांगू याची भीती जास्त होती. घरी ती सुपारीएवढं तोंड करून बसली असेल, आणि मी हात हलवत जाणार.

समोर दोन मोठे पाय येऊन थांबले. एक चप्पल धुळीने माखलेली.

"घ्या," त्यांनी एक तिकीट पुढे केलं. "आमच्या मंडळींचं गुडघं तसंबी दुखत्यात, तिला खाली बसवत न्हाय."

"अहो, पण मघाशी मी तुम्हाला..."

"ते ऱ्हाऊ द्या. तुमी बहिणीला खोटं बोलला, आन् आमी समद्यांनी गप ऐकून घेतलं. म्हंजे आता आमी बी त्यात आलो की."

पैसे घेताना ते हसले. मी तिकीट वरच्या खिशात घातलं आणि खिसा वरून दाबून धरला.

रविवारी अक्का पहिल्या एसटीने आली. नवी साडी, हातात डबा. मी तिला दारापर्यंत सोडलं आणि बाहेर झाडाखाली थांबलो. तिकीट मिळालं तरी काळजी सुटली नव्हती. बाई कधीकधी मागच्या शिष्येला एखादी ओळ गायला देतात. ती दिली तर अक्काला पोरीचा आवाज ऐकायला मिळेल. नाही दिली तर ती दाजींना काय सांगणार? बंद दारातून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि मी येरझाऱ्या घालत होतो.

दारं उघडली, गर्दीत अक्का दिसली. मी धावलो. "गायली का?"

"न्हाय."

मी मान खाली घालून तिच्या हातातला डबा घेतला.

"बाईच गात हुत्या. ही मागं. हात काय थांबला न्हाय तिचा. पाणी बी प्याली न्हाय रं पोरगी." अक्का मला जवळ ओढून सांगू लागली. "मधीच त्या बाई थांबल्या, डोळं मिटून. आन् मान मागं वळवली, हिच्याकडं. हिनं तारा छेडल्या, बाईंनी ऐकलं, आन् मग परत गायला लागल्या. एवढी मोठी बाई, आन् माझ्या लेकीकडनं सूर घेत हुती."

एवढं बोलून तिने पिशवीतून फोन काढला आणि दाजींना लावला. शेजारून जाणारी माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने म्हणाली, "अवो, त्या पावण्यांस्नी कळवा, यंदा न्हाय म्हणून. व्हय, बघितलं मी. मी म्हणीन तसं म्हणाला हुता न्हवं? मग मी म्हणते, पोरगी हितंच ऱ्हाणार."

तिच्या पाठीमागे, गवसणीतला तंबोरा छातीशी धरून भाची उभी होती. ती कधी आली, ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.