मकरंदची निवड

फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. पलीकडून मकरंदचे मॅनेजर बोलत होते. त्यांच्याकडे घरचा नंबर म्हणून माझाच होता, कारण माझा हा भाचा गेली काही वर्षं मिल्टन कीन्सला आमच्याकडेच राहत होता. सकाळी कामावर आला, डोकं दुखतंय म्हणाला, आणि टेबलावर डोकं टेकलं ते पुन्हा वर उचललंच नाही. मेंदूत रक्तस्राव. मी हॉस्पिटलात पोचलो तोवर सगळं संपलं होतं. बर्मिंगहॅमला सुधाताईच्या घरी फोन मलाच करावा लागला. माझे मेहुणे स्वतः डॉक्टर. घरात आम्ही सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतो. त्यांनी एखाद्या पेशंटबद्दल विचारावेत तसे दोन-तीन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. "सुधाला मी सांगतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. शोकसभेत पुष्कळ लोक बोलले. मकरंद फार बुद्धिमान होता असं कुणी म्हणालं, फार लाघवी होता असंही म्हणालं. माझं आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं, त्यामुळे फुगवलेला आकडा मला लगेच टोचतो. मकरंद बुद्धीनं बरा होता, लाघवी मुळीच नव्हता. बेसिनमध्ये चहाचे कप तसेच सोडून जायचा, आणि मामी रागावली की "सॉरी मामी, माझा चूक" म्हणून पुन्हा तेच करायचा. पण एक गोष्ट त्यानं अशी केली की तिची आठवण झाली की आजही माझी मान ताठ होते. तो ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सीनियर संघात गेला. कसा गेला, तेवढंच सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

हा खेळ आपल्याकडे कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही, मलाही नव्हता. लांबट अंड्यासारखा चेंडू, मोठं लंबगोल मैदान, दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. चेंडू पायानं मारायचा किंवा मुठीनं ठोसून सोबत्याला द्यायचा. घेऊन पळायचं असेल तर अधूनमधून जमिनीवर आपटून परत हातात घ्यायचा, आणि अंड्याच्या आकाराची वस्तू आपटली की ती कुठे जाईल याचा नेम नाही. लंडनमध्ये नोकरीधंद्याला आलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणांनी नव्वद सालच्या आसपास पार्कांमधून हौशी संघ काढले होते. मकरंदच्या ऑफिसातला एक ऑस्ट्रेलियन त्याला एकदा सरावाला घेऊन गेला आणि हा पोरगा त्या खेळाच्या प्रेमातच पडला. मकरंद म्हणणं त्यांच्या जिभेला जड, म्हणून तो त्यांचा मॅक झाला.

अंगापिंडानं तो लहानखुरा. बापासारखाच. क्लबाचे दोन संघ होते, सीनियर आणि राखीव, आणि तो अर्थातच राखीव संघात. आमच्या गावात सायकलींसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी तांबूस रंगाचे वेगळे रस्ते आहेत, ते मोटारींच्या रस्त्यांखालून जातात. कामावरून आला की मकरंद त्या रस्त्यांवरून चेंडू आपटत पळायचा. चेंडू वाकडा उडून झुडपांत जायचा, तो काढून परत पळायचा. शेजारच्या बाई मला काळजीनं म्हणाल्या, "तुमच्या पुतण्याला कुणी सांगितलं नाही का, गोल चेंडू मिळतो म्हणून?" मी म्हटलं, पुतण्या नाही, भाचा... बाकीचं खरं आहे.

दुसऱ्या हंगामात एका गुरुवारी तो सरावाहून आला तो जेवलाच नाही. त्यांच्या स्पर्धेचा एक नियम होता. प्रत्येक संघात ठरावीक खेळाडू ऑस्ट्रेलियाबाहेरचे, म्हणजे इथले, 'लोकल' हवेत. त्या शनिवारी सीनियर संघात एक लोकल कमी पडत होता. डग नावाचे त्यांचे प्रशिक्षक, एका शाळेत खेळाचे शिक्षक, मकरंदला म्हणाले होते, "मॅक, मला एक पॉम हवाय. शनिवारी तू सीनियरमध्ये." पॉम म्हणजे इंग्रजांना चिडवायचा ऑस्ट्रेलियन शब्द. यावर मकरंदनं त्यांना सरळ विचारलं होतं, "नियम नसता तर मला घेतलं असतं?" डगही सरळ माणूस. म्हणाले, "नाही." मकरंद म्हणाला, "मग मी राखीव संघातच खेळतो."

रविवारी आम्ही बर्मिंगहॅमला ताईकडे जेवायला गेलो तेव्हा हा विषय निघाला आणि पानांवरच जुंपली.

"गाढवा, इतके दिवस ऊर फुटेस्तोवर पळतोयस ते कशासाठी?" ताई म्हणाली. "त्यांनी बोलावलं तर तू नको म्हणालास?"

"आई, ते मला बोलावत नव्हते. एनी पॉम चालला असता."

डॉक्टर शांतपणे भाताचं आळं करत होते. म्हणाले, "इतकी वर्षं मी या देशात आहे. पासपोर्ट इथला, टॅक्स इथला. मला आजवर एका माणसानं इंग्लिश म्हटलेलं नाही. तुला म्हणतायत, आणि तू रुसून बसलायस?"

आम्ही सगळे हसलो. मकरंद हसला नाही. शाळेत असताना 'तू मूळचा कुठला' या प्रश्नाला 'बर्मिंगहॅम' असं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न काय येतो, हे त्याला पाठ होतं. आता त्याला इंग्रज ठरवणारे भेटले, तर तेही मोजणी पुरी करण्यापुरते.

मग डॉक्टर गंभीर झाले. ते इथे आले तेव्हा त्यांना सर्जरी करायची होती. ती जागा मिळाली नाही. म्हाताऱ्या पेशंटांच्या वॉर्डातली मिळाली, कारण तिथे इथल्या डॉक्टरांना जायचं नसायचं. "कुणालाच नको होती म्हणून ती मला मिळाली," ते म्हणाले. "मी घेतली. मग असं काम केलं की त्या वॉर्डाला माझ्याशिवाय करमेना. आधी आत शिरावं, मकरंद. लायकी नंतर दाखवता येते."

"बाबा, तुमच्याकडे चॉइस नव्हता," मकरंद म्हणाला. "माझ्याकडे आहे. तुमच्यामुळे आहे."

ताईनं कुणी न मागता सगळ्यांना आमटी वाढली.

मला तेव्हा दोघांचंही पटलं होतं आणि आजही पटतं. पण जोखीम मकरंदची होती. डग त्याला पुन्हा विचारतील याची काही हमी नव्हती. झालंही तसंच. त्या हंगामात दुसरा एक इंग्रज मुलगा संघात गेला आणि टिकला. लोकलची गरज भागली आणि मकरंदचं दार बंद झालं. राखीव संघातले लोक त्याला 'महाराज' म्हणून चिडवायला लागले. महाराज निमंत्रण पत्रिकेशिवाय येत नाहीत म्हणे! हे मला त्यानंच सांगितलं, हसत, पण पायातले मोजे रागारागानं ओढत.

त्यानंतरचा हिवाळा मी जवळून पाहिला आहे. उंच उडी मारून चेंडू झेलणं हे त्या खेळातलं वैभव, आणि ते आपल्याला कधी जमणार नाही हे त्यानं मान्य केलं. मग आपल्याला काय जमेल याचा त्यानं नीट विचार केला. प्रतिस्पर्धी संघातला सगळ्यांत चांगला खेळाडू धरायचा आणि सामनाभर त्याची पाठ सोडायची नाही, हे एक काम त्या खेळात असतं. टाळ्या न मिळणारं, म्हणून कुणी आपणहून मागत नाही. मकरंदनं ते मागितलं. शाळेत मी खो-खो खेळायचो. मी त्याला आमच्या बागेत दोन खुर्च्या ठेवून दाखवलं, की पळणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचं नाही, कमरेकडे पाहायचं. तोंड फसवतं, कंबर फसवत नाही. हे शिक्षण त्याला कितपत उपयोगी पडलं ते मी सांगू शकत नाही. माझी कंबर मात्र आठवडाभर धरली होती.

पुढच्या हंगामाच्या मध्यावर त्याचा घरी फोन आला, पबमधून. मागे गलका चालला होता. डगनी सीनियर संघाची नावं वाचली होती आणि त्यात मॅक होता. मी पहिल्यांदा विचारलं ते हेच, की लोकल किती आहेत? "मी सोडून पुरेसे आहेत, मामा! मी मोजलो!" तो ओरडला. त्याला सुरुवातीला बाकावर बसायचं होतं, अदलाबदलीच्या खेळाडूंमध्ये. हे डॉक्टरांना कळलं तेव्हा त्यांनी त्याचा अर्थ क्रिकेटवरून लावला. "म्हणजे बारावा गडी," ते म्हणाले. "असू दे. पाणी नेऊन द्यायलाही संघात असावं लागतं. मी येतो."

आणि खरोखर आले. घडीची खुर्ची, थर्मास, डोक्यावर हॅट, आणि शेजारी ताई शंकरपाळ्यांचा डबा घेऊन. सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तोच एक धिप्पाड ऑस्ट्रेलियन पळत बाहेर आला, गवतावर आडवा झाला आणि मकरंद आत धावला. आता क्रिकेटमध्ये बारावा गडी मैदानात उतरतो तो कुणाला दुखापत झाल्यावर. डॉक्टरांनी थर्मास माझ्या हातात दिला आणि तरातरा त्या आडव्या माणसापाशी गेले. "कुठे लागलं? हलू नकोस," म्हणत त्याची नाडीच धरली. तो बिचारा दम खात पडला होता. म्हणाला, "मेट, मी ठीक आहे. नुसता श्वास घेतोय." डॉक्टर म्हणाले, "ते मी ठरवेन." त्यांनी त्याचे डोळे तपासले, गुडघा वाकवून पाहिला. या खेळात खेळाडू सामनाभर आत-बाहेर होत राहतात आणि बाकावरचाही पुरा खेळाडूच असतो, हे बाकावरच्या दुसऱ्या मुलानं त्यांना समजावलं तेव्हा ते उठले. मैदानाकडे पाहिलं. समोर त्यांचा मुलगा समोरच्या संघातल्या सगळ्यांत वेगवान माणसाला चिकटून पळत होता, आणि तो माणूस वैतागून शिव्या देत होता.

"म्हणजे हा खेळतोय?" डॉक्टर मला म्हणाले. "खराखुरा?"

"खराखुरा."

नंतर ते खुर्चीत बसलेच नाहीत. सीमारेषेच्या कडेनं मकरंदच्या समांतर चालत राहिले, हॅट हातात घेऊन. आमचा संघ थोडक्यात हरला. पण तो वेगवान माणूस सामन्यानंतर मकरंदपाशी आला आणि म्हणाला, "आता घरीही माझ्याबरोबर येणार आहेस का?" डग एवढंच म्हणाले, "पुढच्या शनिवारी तुला चिकटायला दुसरा माणूस आहे." त्यानंतर मकरंद सीनियर संघातून बाहेर गेला नाही.

अंत्यसंस्काराला क्लबाचे सगळे जण आले होते, पण त्या दिवशी कुणाशी धड बोलणं झालं नाही. पंधरा दिवसांनी क्लबाच्या सेक्रेटरींचा फोन आला. तिथे जर्सी क्लबाच्या मालकीच्या असतात आणि ठरलेल्या पाच-सहा खेळाडूंच्या घरी आळीपाळीनं पिशवीभर धुवायला जातात. पाळी मकरंदची होती. तुमचं घर वगळतो, ते संकोचून म्हणाले. माझ्या बायकोनं, वासंतीनं, माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, "वगळू नका. पिशवी पाठवा."

पिशवी घेऊन स्वतः डग आले. त्या दिवशी डॉक्टर आणि ताई आमच्याकडेच होते, मकरंदची खोली आवरायला. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. डग कपाकडे पाहत म्हणाले, "दर आठवड्याला संघ लिहिताना मला लोकल मोजावे लागतात. त्यानं मला नाही म्हटलं, त्या दिवसापासून मी मॅकला त्यात कधी धरलं नाही. त्याला सोडून लोकल पुरे भरले पाहिजेत, असाच संघ मी निवडत आलो. त्याला हे सांगायचं राहून गेलं."

मग डगनी विचारलं, मॅकच्या जर्सीचा नंबर आता कुणालाच द्यायचा नाही असं मुलांच्या मनात आहे, तुमचं काय म्हणणं? ताईनं डॉक्टरांकडे पाहिलं.

"द्या," डॉक्टर म्हणाले. "पण निवडून आलेल्यालाच द्या. गरज म्हणून नको."

पाळी आता फिरून पुन्हा आमच्याकडे आली आहे. काल संध्याकाळी वासंतीनं पिशवी उघडली तेव्हा मकरंदच्या नंबरची जर्सी मधोमध होती, छातीपासून खालपर्यंत चिखलानं माखलेली. कुणाच्या अंगात होती ते आम्ही विचारलं नाही. डाग एका धुण्यात निघाला नाही, म्हणून वासंतीनं ती पुन्हा धुवायला घातली. आज सकाळी सगळ्या जर्सी मागच्या बागेत दोरीवर वाळताहेत, वारा बरा आहे, आणि काल आमच्याकडे मुक्कामाला आलेले डॉक्टर खिडकीपाशी चहा घेऊन उभे आहेत... केव्हापासून उभे आहेत, ते मी मोजलेलं नाही.