खालून जाणारी पट्टी

निरगुडसरमध्ये गेणभाऊंना ओळखत नाही असं घर नव्हतं, कारण गेणभाऊ चढले नाहीत असं छप्पर नव्हतं. केबलवाल्याला गाव वरून दिसतं. कुणाच्या पत्र्यावर कुरडया वाळत घातल्यात, कुणाच्या माळवदावर नवरा-बायको भांडून पाठीला पाठ लावून बसलेत, हे त्यांना वायर ओढता ओढता कळायचं आणि वायर ओढता ओढताच ते खालच्याला सांगून मोकळे व्हायचे.

जुन्नरच्या महंमद हनीफ मिस्त्रींनी त्यांना पहिली छत्री बसवून दिली, तेव्हा अर्धं गाव बघायला जमलं होतं. "एवढ्या परातीत काय मळायचं, भाऊ?" असं एका म्हाताऱ्याने विचारलं. "गावाचं डोकं," गेणभाऊ म्हणाले. तेव्हापासून गावाने ठरवून टाकलं, की या माणसाने तोंड उघडलं की हसायचं.

पुढे त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणला आणि टीव्हीच्या खालून पट्टी सोडायला सुरुवात केली. दशक्रिया, वाढदिवस, खतं आली, म्हैस हरवली. पण साधी जाहिरात साधी जाऊ दिली तर ते गेणभाऊ कसले? म्हशीच्या वर्णनात त्यांनी 'एक शिंग वाकडे, स्वभाव मालकिणीसारखा' असं घातलं. म्हैस सापडली, मालकिणीने मात्र वर्षभर अबोला धरला. शिमग्याच्या आठवड्यात तर ताळतंत्रच नसे. 'सरपंचांच्या मिशीचा डावा भाग हरवला आहे. सापडल्यास उजव्या भागाशी संपर्क साधावा.' सरपंच स्वतः आरशात बघून हसले. शिमग्याची पट्टी वाचायला पाहुणे मुक्काम वाढवत.

गेणभाऊंना मुलगा एकच, गोरख. दहावीला होता. बोलायला कमी आणि गणिताला त्याहून कमी. सहामाहीचा निकाल लागला त्या दिवशी गेणभाऊंच्या बोटांना खाज सुटली. संध्याकाळी गावभर पट्टी फिरली : 'हार्दिक अभिनंदन. चि. गोरख याने गणितात अकरा गुण मिळवून भोपळ्याचा दारुण पराभव केला. शुभेच्छुक : आई, बाबा आणि गोठ्यातील समस्त सभासद.'

गाव लोळलं. गोरख कंट्रोल रूममध्ये आला. कंट्रोल रूम म्हणजे घरामागची पडवी. तिथे केबलच्या डब्यांचा ढीग आणि एक जुना टीव्ही.

"बाबा, ती पट्टी काढा."

"आरं, लोकं हसत्यात. हसू दे की. हसणाऱ्या गावात भांडणं कमी व्हतात."

"माझ्यावर हसत्यात."

"मग माझ्यावर काय रडत्यात व्हय? बस, जेव."

पट्टी काढली, पण तोवर पोराचं नाव एस.टी. स्टँडवर 'भोपळा' पडलं होतं. ते काढायचं बटण गेणभाऊंच्या कॉम्प्युटरला नव्हतं.

त्याच थंडीत एका मराठी वाहिनीवर 'पळपुटे आणि कंपनी' नावाची मालिका सुरू झाली. घरातून पळालेली चार पोरं एका बंद पडलेल्या थिएटरच्या मशीनच्या खोलीत राहतात. एक परीक्षेला भिऊन पळालेला, एक लग्नाला, एक सावत्र बापाच्या पट्ट्याला. चौथा का पळाला ते तो सांगतच नाही. मागावर एक ढेरपोट्या हवालदार. मालिका हसवणारी होती, पण हसून झाल्यावर तोंडात कडवट चव राहायची. एका भागात उपाशी पोरं स्वतःच्याच मरणाची बातमी छापतात आणि स्वतःच्याच दशक्रियेला जेवायला जाऊन बसतात. कावळा काही पिंडाला शिवत नाही. नातेवाईक हात जोडून उभे, "तुझी काय इच्छा राहिली असंल ती पुरी करू" म्हणतायत. शेवटी भुकेने कासावीस झालेलं एक पोरगं झाडामागून काव काव करतं आणि पिंड उचलून पळतं.

त्या दिवशी लंकाबाईंनी, म्हणजे गेणभाऊंच्या मंडळींनी, पदराने डोळे पुसेपर्यंत हसून घेतलं. गोरखही गुडघे छातीशी धरून हसत होता. बऱ्याच दिवसांनी. ते बघून गेणभाऊंना वाटलं, विसरलं पोरगं. आपल्याला हवं ते माणसाला फार लवकर दिसतं.

बीजगणिताच्या पेपरच्या दिवशी गोरख गणवेश घालून, पॅड काखेत मारून, दही खाऊन निघाला. केंद्र मंचरला होतं. एस.टी.त बसलेला सगळ्यांनी पाहिला. केंद्रावर उतरलेला कुणी पाहिला नाही. दुपारी मास्तरांचा निरोप आला, तेव्हा गेणभाऊ कुणाच्या तरी पत्र्यावर उभे राहून खालच्या बाईला सांगत होते, "वहिनी, चित्र न्हाई हलत, तुमची मान हलतीय."

संध्याकाळपर्यंत येईल म्हणून वाट बघितली. मंचर, नारायणगाव, गेणभाऊंची चाकणची बहीण, सगळीकडे विचारून झालं. चौकीतल्या साहेबांनी लिहून घेतलं. लंकाबाई चुलीपुढून उठल्या आणि पडवीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पट्टी लावा."

"कसली?"

"म्हशीची लावता. पोराची लावा."

गेणभाऊंना ते जमेना. ज्या गावाला आपण इतकी वर्षं हसवलं, त्या गावापुढे आपलंच पोर पळालं म्हणून कसं सांगायचं? विचारणाऱ्याला ते म्हणत, "कावीळ झालीय. आळ्याला मामाकडं ठेवलाय, औषधाला." लंकाबाई ऐकत आणि आत जात. 'पट्टी लावा' एवढंच त्यांनी आणखी एकदा म्हटलं. मग बोलणंच सोडलं. बायको भांडायची थांबली तेव्हा गेणभाऊ घाबरले.

शेवटी त्यांनी ठरवलं : लावायची तर 'पळपुटे'च्या वेळेला, तेव्हा घरटी सगळे टीव्हीपुढे असतात. सकाळपासून एका बोटाने टाईप करत बसले. 'हरवला आहे. गोरख. वय सोळा. रंग सावळा, अंगाने उंच, उजव्या भुवईवर जुनी खूण. अंगात पांढरा शर्ट, खाकी पँट. कुणास दिसल्यास गेणभाऊ केबलवाले यांस कळवावे.' एकही शब्द गमतीचा नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पट्टी दोनदा वाचून पाहिली.

एकच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. शिमग्याचा आठवडा होता.

आठ वाजता पट्टी सुटली. वर हवालदार एका बोकडाला पळालेल्या पोरांचे फोटो दाखवून जबाब घेत होता. खालून गोरख चालला होता. गेणभाऊ फोनजवळ बसले. फोन लगेच वाजला.

"भाऊ, मानलं राव तुमाला. वर त्यांचे पळपुटे, खाली आपला."

"आरं, खरं हाय हे."

"आवाज पन कसला रडका काढलाय. आमची आई लोळतीय हितं, ऐकता का?"

आणि ती माउली खरंच हसत होती, फोनमधून ऐकू येत होतं. दुसऱ्याने विचारलं, "कावीळ पळाल्यावर उतरली का आधी?" तिसऱ्याने भोपळ्याची चौकशी केली. एकाने तर बोकडाला विचारून बघा म्हणून सुचवलं. गेणभाऊ प्रत्येकाला "खरं हाय रे बाबा" म्हणत राहिले आणि ते जितकं कळवळून म्हणत तितका पलीकडे हशा वाढे. लंकाबाईंनी फोन हातातून घेतला आणि बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी लंकाबाई पारावर जाऊन उभ्या राहिल्या. त्या कधी पारावर जात नसत. "माझं लेकरू खरंच गेलंय," एवढंच म्हणाल्या. तेव्हा गावाला खरं वाटलं. लंकाबाईंनी कधी कुणाला हसवलं नव्हतं, त्यांच्या शब्दाला वजन होतं.

दिवस मावळता मावळता सोपान आला. सोपान माळशेज घाटातून कल्याणला भाजीचा टेम्पो नेतो. दारातच पायरीवर बसला, आत येईना.

"भाऊ, मी बघितला व्हता त्याला. मढला, साळुबाईच्या हाटेलात. कपबशा विसळत व्हता. म्हनला, आबा, परीक्षा झाली, सुट्टीत कामाला आलोय, बाबांना म्हाईत हाय."

"मग सांगायचं न्हाई व्हय रं?"

"कसं सांगनार? तुमी कावीळ म्हनत व्हता, मला वाटलं तुमचं आपलं काहीतरी चाललंय गमतीचं. काल पट्टी बघितली, घरात आमी सगळी हसलो. आज सकाळी जाता जाता..."

"जाता जाता काय?"

"सांगितलं त्याला. म्हनलं, गोरख्या, तुझ्या बापानं तुलाच टीव्हीत हरवलाय. त्यानं इचारलं, लोकं हसली का? मी म्हनलं, लई. पार लोळलं गाव." सोपानने टॉवेल तोंडाला लावला. "त्यानं कप पालथा ठिवला आन् नुसतं 'बरं' म्हनला. येताना थांबलो तर न्हाई."

त्याच टेम्पोत बसून गेणभाऊ मढला गेले. साळुबाईंचं हॉटेल रस्त्याच्या कडेला, पत्र्याचं. पोरगं कल्याणकडे निघालेल्या ट्रकमध्ये बसलं, एवढं त्यांना माहीत होतं. बाकी त्या कौतुकच करत होत्या.

"गुनी पोरगं. लई हसवायचं, पावणं. गिऱ्हाईक चहा संपला तरी उठत नव्हतं. मधीच वरडायचं, 'दोन नंबरच्या बाकावरची भजी हरवली आहेत, सापडल्यास पोटाशी संपर्क साधावा.' कुटनं शिकलं काय म्हाईत. तुमचं कोन?"

गेणभाऊंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मुलगा."

साळुबाईंनी मग भज्यांच्या ताटावर झाकण म्हणून ठेवलेलं परीक्षेचं पॅड काढून पुढे केलं. "ह्ये त्याचं राह्यलंय."

गेणभाऊंनी ते हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि परत ताटावर ठेवलं. "असू द्या. माश्या बसतील."

कल्याणचं स्टेशन, ठाण्याचं बालगृह, भिवंडीच्या यंत्रमागांच्या गल्ल्या, सगळं पालथं घालून झालं. कुठे उंच सावळा पोरगा होता, कुठे भुवईवर खूण होती. दोन्ही एकाच पोरावर नव्हतं.

'पळपुटे'चा शेवटचा भाग उन्हाळ्यात लागला. हवालदार पोरांना पकडतो आणि बेड्या घालायच्या ऐवजी तिघांना हाताला धरून घरी पोचवतो. गावात ठिकठिकाणी नाकं ओढल्याचे आवाज आले. कलाकारांची नावं वर सरकायला लागली तशा लंकाबाईंनी विचारलं, "आन् त्यो चौथा?"

"संपली गं मालिका."

"संपंना का. पर त्याचं काय झालं?"

गेणभाऊंनी खूप शोधून एखादा विनोद काढायचा प्रयत्न केला. सापडला नाही. खरं म्हणजे तेव्हापासून सापडलाच नाही. पुढच्या शिमग्याला पोरं आली, "भाऊ, पट्टी?" म्हणाली. भाऊंनी दशक्रिया आणि खतं सोडली. पोरं टीव्हीपुढे थोडा वेळ थांबली आणि होळीकडे निघून गेली.

गोरखची पट्टी मात्र त्यांनी गावच्या व्हिडिओ चॅनेलवर ठेवली, जिथे ते स्वतः गाणी आणि सिनेमे लावत. फिरती ठेवली तर लोकांना गंमत वाटते म्हणून एका जागी खिळवली. मजकूर तेवढा बदलला : 'गोरख, घरी ये. कोणी हसणार नाही.' सुरुवातीला तक्रारी आल्या, की पट्टीमुळे नाचणाऱ्यांचे पाय दिसत नाहीत. मग तक्रारी थांबल्या. लोकांना ती दिसायचीच बंद झाली, जशी भिंतीवरची खुंटी दिसत नाही.

काही वर्षांनी घरोघर छोट्या छत्र्या आल्या. आता प्रत्येकाच्या छपरावर स्वतःची परात. गेणभाऊंच्या वायरी खांबांवरून लोंबायला लागल्या. हनीफ मिस्त्री उरलेलं सामान घ्यायला आले, तेव्हा त्यांनी पडवीतला टीव्ही बंद केला आणि काचेकडे वाकून बघत राहिले. पडदा काळा झाला होता, पण खाली राखाडी अक्षरं तशीच होती. वाचता येत होती.

"भाऊ, डाग बसलाय," हनीफ म्हणाले. "एकच चित्र वर्षानुवर्षं ठेवलं की ट्यूबला बसतो. आता निघत नाही. ट्यूबच बदलायला लागेल."

"मग ह्यो टीव्ही ठेवा," गेणभाऊ म्हणाले. "बाकीचं घेऊन जा."

टीव्ही अजून पडवीत आहे. वीज जोडलेली नाही. लंकाबाई सकाळी झाडलोट झाली की त्याची काच पुसतात. वरचा भाग जोर लावून पुसतात. खालच्या बाजूला आल्या की हात हलका करतात, न जाणो, पुसून जाईल.