संक्रांतीनंतरचे ससे

सुलोचनाबाईंनी आयुष्यात ईस्टर कधी साजरा केला नाही, आणि तो नेमका कशाचा सण हेही त्यांना पंधरा वर्षांत कुणी धड सांगितलं नव्हतं. पण ईस्टरचे ससे त्यांनी इतके विणले होते, की ते सगळे जिवंत झाले असते तर जयपूरच्या सोडाल्यात, त्या राहायच्या त्या वस्तीत, माणसांना राहायला जागा उरली नसती. ससे, कोंबडीची पिल्लं, उकडलेल्या अंड्यांवर घालायच्या टोप्या, पिवळ्या फुलांच्या माळा. सगळं क्रोशाचं, सगळं सुती दोऱ्याचं आणि सगळं परदेशात जाणारं. अंड्याला टोपी कशाला लागते, असं त्यांच्या यजमानांनी, भगवानरावांनी, पहिल्याच वर्षी विचारलं होतं. "थंडी वाजत असन त्याईच्या अंड्याईले," बाई म्हणाल्या आणि तो विषय तिथंच मिटला.

माणसं मूळची बडनेऱ्याची. भगवानराव रेल्वेत डब्यांच्या दुरुस्तीवर फिटर होते, बदली होऊन जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर इथंच राहिले, कारण मुलगा राजरत्नही रेल्वेतच लागला. तो मालगाडीवर गार्ड, महिन्यातले निम्मे दिवस घराबाहेर. सून गौतमी अजमेरची. तिचे वडीलही रेल्वेतलेच, पण ती हिंदी शाळेत वाढलेली, त्यामुळे तिच्या मराठीत दर दोन वाक्यांमागं एक 'मतलब' यायचा. सासू-सुनेचं पटत होतं. इतकं पटत होतं की बिल्डिंगमधल्या बायकांना त्यात काहीतरी गडबड वाटायची.

क्रोशा बाई बडनेऱ्याच्या क्वार्टरमध्ये असतानाच शिकल्या होत्या. आधी टीव्हीवरचा रुमाल, मग दाराचं तोरण, मग बाबासाहेबांच्या तसबिरीभोवतीची झालर. जयपुरात आल्यावर चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, विमलजी नावाच्या बाईंचा छोटा कारखाना सापडला. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक वजनकाटा आणि विमलजी. दोरा त्या द्यायच्या, नमुना त्या द्यायच्या, बायका घरी विणून आणायच्या. सशाला डोळे लावायचं काम कारखान्यातच व्हायचं. बाईंकडं धड आणि कान.

विमलजी स्टीलची पट्टी घेऊन बसायच्या. ससा आडवा टाकायचा, मापायचा, कान ओढून बघायचे. दोन कानांत धाग्याचाही फरक निघाला तर मान वर न करता म्हणायच्या, "भाभीजी, ये खोलो." खोलो म्हणजे उसवा आणि परत करा. पहिल्या वर्षी बाई जिना उतरताना रडल्या होत्या. दुसऱ्या वर्षी शंभरातले दहा परत आले, पाचव्या वर्षी दोन. त्या बाईनं पंधरा वर्षांत एकदाही तोंड भरून कौतुक केलं नाही. पण तिनं न बोलता ससा टोपलीत टाकला की सुलोचनाबाईंना आपण कोण आहोत ते कळायचं. घरी त्यांना आई म्हणत, जेवलीस का म्हणून विचारत. त्यांचा हात कसा चाललाय हे सांगणारं माणूस मात्र जगात एकच होतं.

मग साखरेनं डोळ्यांचा पडदा धरला. लेझर झालं, इंजेक्शनं झाली. गेलेलं परत येत नाही, आहे तेवढं टिकवू, असं डॉक्टर म्हणाले आणि तेवढंही टिकलं नाही. गेल्या पावसाळ्यापासून बाईंना समोरच्या माणसाचा नुसता आकार दिसायचा. तोंड कुठलं, कान कुठले, ते आवाजावरून ठरवायचं. "मले डोये नाही लागत," त्या सगळ्यांना सांगायच्या. "माये बोटंच पायतेत." साखळ्या बोटांनी मोजायच्या, खांब बोटांनी मोजायचे, ओळ संपली की अंगठ्यानं खूण धरायची. दिवाळीपर्यंत काम असंच चाललं. चाललं, असं त्यांना वाटत होतं.

आता या धंद्याचं एक पंचांग असतं आणि ते कॅलेंडरवर छापलेलं नसतं. ईस्टर येतो मार्च-एप्रिलात, पण जयपुरात त्याचं काम राखीच्या सुमाराला सुरू होतं आणि संक्रांतीच्या आत संपतं. खोकी ट्रकनं बंदरावर जातात, तिथून बोटीवर चढतात, आठवडेच्या आठवडे पाण्यात असतात आणि मग तिकडच्या दुकानांत लागतात. संक्रांतीला शहरभर पतंग उडायला लागले की ससे बंद. त्यानंतर विमलजींकडं राखी येईपर्यंत दुसरं काहीतरी चालायचं, पण ससा नाही. पंधरा वर्षांत एकदाही नाही.

गौतमीला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती एका दवाखान्यात रिसेप्शनवर काम करायची. तिच्या लेखी ईस्टरचं काम ईस्टरच्या आधी, जसं दिवाळीचं फराळाचं दिवाळीच्या आधी.

संक्रांत गेली तरी दोरा येत राहिला. वाढीव ऑर्डर असेल म्हणून बाई खूश झाल्या. दोरा बदलल्याचं बोटांना कळलं होतं. हा सुती नव्हता, बाजारातल्या लोकरीसारखा गुळगुळीत, सुईवरून घसरणारा होता. "विमलजींनी नवीन मागवलाय," गौतमी म्हणाली. बरं. मग होळी झाली, रंग धुऊन झाले आणि चौथ्या दिवशी गौतमीनं नवी पिशवी आणून मांडीवर ठेवली.

"आई, अजून साठ ससे पाहिजेत. मतलब, ईस्टरसाठी. अर्जंट."

बाईंनी पिशवीत हात घातला आणि तो तसाच आत राहिला. होळीनंतर ईस्टरचे ससे? कुठली बोट नेणार होती त्यांना? गौतमी पाणी प्यायला आत गेली तेवढ्यात त्यांच्या डोक्यात सगळं सरळ उलगडत गेलं, आणि त्यांना ते उलगडायला नको होतं. काम कधीचंच थांबलेलं होतं. दोरा सून बाजारातून आणत होती. आणि विणलेले ससे घेऊन दर शनिवारी भगवानराव स्कूटरवरून कुठंतरी जात होते.

विमलजींना फोन करावा, तर मोबाइलमधला नंबर काढून द्यायला गौतमीच लागणार. मग त्यांनी दुसरा रस्ता धरला. साठांतले पाच ससे त्यांनी मुद्दाम एका कानाचे केले. हे सांगायला सोपं आहे. पंधरा वर्षं जी बोटं चूक टाळायला शिकली, त्यांना चूक करायला लावणं फार जड गेलं. पहिल्या सशाच्या वेळी दुसऱ्या कानाची साखळी घालून झालीच, ती उसवावी लागली. दोरा कापला तेव्हा त्यांना स्वतःची लाज वाटली.

शनिवारी भगवानराव तोवर झालेले ससे पिशवीत घालून निघाले. चारदीवारीत जाऊन, स्कूटरला जागा शोधून, जिना चढून, पट्टीखालून माल काढून परत यायला पूर्वी दोन तास लागायचे. यावेळी कुकरची वाफ जिरायच्या आत ते घरात होते.

"झालं का?" बाईंनी विचारलं.

"झालं ना. सगळे पास."

"एकबी वापस नाही?"

"एकबी नाही." भगवानराव थांबले आणि आणखी थोडं घालावं असं त्यांना वाटलं असणार. "बाई म्हने, हाथ हो तो ऐसा."

विमलजी असं म्हणाल्या! चाळीस वर्षं डब्यांची चाकं ठोकून आवाजावरून तडा ओळखणाऱ्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं, आणि तरी तो बिचारा दर शनिवारी बोलत होता. ससे कुठं टाकत असतील? कुणाला वाटत असतील, की कुठल्या कचऱ्यात? हा प्रश्न त्यांना विचारवेना.

राग आला, फार आला. पण तो धरायचा कुणावर? नवऱ्यानं आणि सुनेनं मिळून आपल्यासाठी एवढा खटाटोप चालवला होता; वाईट वागले असते तर भांडता तरी आलं असतं. आठवून आठवून त्यांनी दिवस शोधून काढला. डिसेंबरात गौतमी एकटीच माल द्यायला गेली होती, परत आल्यावर डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली होती. विमलजी तिला काय म्हणाल्या असतील? किती ससे परत आले? निम्मे? सगळे? तेवढंच त्यांना हवं होतं. माल खराब झाला असेल तर खराब म्हणा, सुई खाली ठेवते. लहान मूल नव्हत्या त्या. पण किती बिघडलं आणि कुठं बिघडलं, हे कुणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं. नाहीतर उरलेली वर्षं नुसती बोटं हलवत बसायची.

शेवटी त्यांनी ठरवलं, गौतमीला एक संधी द्यायची. ती या घरात सगळ्यांत सरळ होती. रविवारी दुपारी गौतमी मटार सोलत बसली होती. बाईंनी नुकताच संपवलेला ससा तिच्यापुढं धरला. तो एका कानाचा होता.

"पाय बरं, कसा झाला."

मटाराच्या शेंगांचा आवाज थांबला. गौतमीनं ससा हातात घेतला. बाई तिच्या आकाराकडं बघत राहिल्या. बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडून गेला.

"छान झालाय, आई."

"नीट पाय. मले काई वाटनार नाही. कान पाय त्याचे."

गौतमी बोलली तेव्हा तिचा आवाज सर्दी झाल्यासारखा जड होता.

"बघितले ना आई. मतलब, दोन्ही कान एकदम बरोबर बसलेत."

सुलोचनाबाईंनी हात पुढं केला. गौतमीनं ससा परत देताना त्यांची बोटं आपल्या बोटांत क्षणभर धरून ठेवली, आणि सुनेचा हात गार पडलाय हे बाईंना कळलं. तिला जवळ घ्यावं असं त्यांना वाटलं आणि तिच्यावर ओरडावंसंही वाटलं. दोन्हीतलं काहीच त्यांनी केलं नाही. या घरात यापुढं त्यांना कुणीही काही खरं सांगणार नव्हतं.

"अजून किती राह्यले?" त्यांनी विचारलं.

"चाळीस."

"होऊन जातीन मंग," त्या म्हणाल्या, आणि दोऱ्याचं टोक बोटांनी शोधून पुढच्या सशाची साखळी घालायला लागल्या.