टर्नआउट

बूटपॉलिशचा वास आला की ती सकाळ आठवते. सांगलीतल्या एका कंपनीत अकाउंटंटच्या मुलाखतीला जायचं होतं. नवे बूट परवडत नव्हते, म्हणून फौजेतून निवृत्त झालेल्या आबांनी स्वतःचे परेडचे बूट काढले आणि ओल्या फडक्यानं घासून तोंड दिसेल असे चमकवले. पँटला कडक इस्त्री मारली. "टर्नआउट चांगला पायजे, निम्मं काम तितंच हुतंय," म्हणाले; फौजेत नीटनेटक्या पेहरावाला टर्नआउट म्हणतात. कंपनीच्या दारात साहेबानं मला खालून वर पाहिलं आणि सांगितलं, "सिक्युरिटीची भरती मागच्या गेटला आहे." आत मुलाखत झाली, पण नोकरी काही मिळाली नाही. घरी आबांनी आधी विचारलं, "बुटं बगितली का रं त्यांनी?" "व्हय आबा, बुटंच बगितली." ते खूश झाले. अजूनही मी गावाहून निघालो की ते माझे बूट चमकवून ठेवतात, आणि मला नको म्हणता येत नाही.