दुपट्ट्याखालचा चौथा मजला

या सदरातले अनुभव मी आजवर चुका काढण्यासाठीच वाचत आलो. दार आपोआप उघडलं म्हणे... बिजागरी ढिली असेल. कुणीतरी हाक मारली म्हणे... शेजाऱ्याचा टीव्ही असेल. आमचं घर बौद्ध. अंगारे, उतारे, बाहेरची बाधा हे सगळं माझ्या आजोबांनीच घराबाहेर काढलं. त्यात माझा धंदा गुरांच्या बाजारात दलालीचा. तिथे बैलाचे दात आधी पाहायचे आणि मालकाचं बोलणं नंतर ऐकायचं. अशा माणसाला फसवणं सोपं नाही, आणि मी फसलो नव्हतो हे शेवटपर्यंत लक्षात ठेवून वाचा.

माझा फ्लॅट बुलढाण्यात, भर बाजारात, चौथ्या मजल्यावर आहे. जाहिरातीत लिहिलं होतं की सगळं शहर तुमच्या पायाशी. ते खोटं नव्हतं, हे मी कबूल करतो. भाजीबाजार, दवाखाना, बँक, बसस्टँड, सगळं चालत जाण्यासारखं. संध्याकाळी खाली उतरलं की भेळेच्या गाड्या, कपड्यांची दुकानं, माणसांची ही गर्दी. आधी आम्ही मोताळ्याला राहायचो; तिथे सुमन, म्हणजे माझी बायको, गुडघ्यांमुळे अंगणाच्या बाहेर पडत नव्हती. इथे लिफ्ट मिळाली आणि बाई सुटल्याच. रविवारी विहार, रोज संध्याकाळी मैत्रिणींबरोबर चौकात फेरी, कधी कुल्फी, कधी नुसतंच दुकानांत बघत फिरणं. चाळीस वर्षांत मी तिला एवढं हसताना पाहिलं नव्हतं.

माझं भांडण शहराशी नव्हतं, बाल्कनीशी होतं. लिफ्टमधून बाहेर पडलं की उजव्या हाताचा फ्लॅट चौकावर उघडतो. डाव्या हाताचा मागच्या गोदामाच्या भिंतीवर. ठरला होता उजवा, मिळाला डावा.

तुम्ही विचाराल, कागद करताना पाहिलं नाही का? त्यासाठी आमचा रिवाज सांगावा लागेल. गुरांच्या बाजारात सौदा तोंडाने होत नाही. घेणारा आणि देणारा खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली हात धरतात आणि बोटं दाबून बोलतात. चार बोटं धरली की चार. भोवती उभ्या असलेल्यांना काही कळत नाही. पटलं की शेवटी तळहातावर तळहात मारायचा, सौदा पक्का. आणि दुपट्ट्याखाली ठरलेलं पुन्हा तोंडाने विचारायचं नाही. विचारलं तर समोरच्यावर भरवसा नाही असा अर्थ होतो.

ही इमारत बांधणारे लखूसेठ मूळचे बैलांचे व्यापारी. मी पायी गुरं हाकत होतो तेव्हापासून त्यांना ओळखत होतो. कासऱ्याचा फास बसून त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट एका पेराने आखूड झालेलं. जोडीतला एकच बैल घ्यायचा असला तर आमची एक खास खूण होती. अंगठा दाबला तर उजवा, करंगळी दाबली तर डावा. ही खूण तिसऱ्या कुणाला माहीत नव्हती.

फ्लॅटचा भाव आधीच तोंडी भांडून ठरला होता. राहिली होती बाजू. त्यांच्या ऑफिसात चार गिऱ्हाइकं बसलेली. सेठ हसले आणि म्हणाले, "ये बे सुखदेव, हात दे." दुपट्ट्याखाली चार बोटं, मग अंगठा. चौथा मजला, उजवी बाजू. तळहात वाजले. पुढच्याच आठवड्यात सेठला अर्धांगाचा झटका आला आणि ते गेले. कागद त्यांच्या मुलाने केला. कागदावर फक्त फ्लॅटचा नंबर होता, बाजू नव्हती. मी विचारलं नाही. गेलेल्या माणसाने दुपट्ट्याखाली दिलेला शब्द त्याच्या पोराला विचारून मी हलका करणार नव्हतो. सही केली. किल्ली हातात आली ती डाव्या दाराची.

मुलगा म्हणाला, "काका, बाबांनी असं काही सांगितलं नव्हतं." उजवा फ्लॅट त्याने विकलाही नाही, कुलूप लावून ठेवला. आडनाव ऐकून वागणं बदलणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत, त्यामुळे माझा संशय तिकडेही गेला. वर्षभर मी त्याच्याशी, वॉचमनशी, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांशी भांडलो. शेवटी ठरवलं, हा फ्लॅट विकायचा आणि मोताळ्याला परत जायचं. अपमानाच्या बाल्कनीत चहा पिणं मला जमणार नव्हतं.

लोणारचे एक मास्तर घ्यायला तयार झाले. ते दुपारी येणार होते. सकाळी मी सुमनला सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तुमाले जायाचं असन तं जा," ती म्हणाली. "मी नाही येत."

"एकटी राहशीन इथं?"

"तिथं काय दुकटी होती मी? तुमी बाजारात, मी अंगणात. आता कुठं पाय फुटले मले."

एवढं बोलून ती पिशवी घेऊन खाली गेली. मला राग आला. तसाच कागद उचलून मी झेरॉक्सला निघालो.

साडेअकराच्या सुमारास मी झेरॉक्स काढून परतलो. लिफ्टमध्ये एकटा. ऊन फार होतं म्हणून दुपट्टा डोक्यावरून काढून उजव्या हातावर टाकलेला. तिसरा मजला ओलांडला आणि लाईट गेली. लिफ्ट थांबली. आतला बॅटरीचा दिवा लागत नाही, त्याबद्दल मी तीनदा तक्रार केली होती. काळोख. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं...

आणि दुपट्ट्याखाली कुणीतरी माझा हात धरला.

कोरडा, खरबरीत हात. ओढला नाही, दाबला नाही. धरायची ती पद्धत बाजारातलीच — आधी पंजा चाचपून घेतला, मग एकेक करून चार बोटं धरली. आणि धरणाऱ्या त्या हाताचं मधलं बोट एका पेराने आखूड.

मी घाबरलो का? खरं सांगतो, आधी राग आला. डाव्या हाताने मी लिफ्टच्या तिन्ही भिंती आणि दार चाचपलं. नुसता पत्रा. माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मग त्या हाताने माझी करंगळी दाबली.

करंगळी म्हणजे डावा.

मी मान हलवली, काळोखात. हात सोडवून अंगठा पुढे केला. त्याने अंगठा बाजूला सारला आणि पुन्हा करंगळी दाबली. मी पुन्हा अंगठा दिला. तिसऱ्यांदा करंगळी. मग मनगटाच्या आतल्या बाजूला दोनदा थोपटलं. लखूसेठ बाजारात असंच थोपटायचे. ऐक, यात तुझंच भलं आहे, असा त्याचा अर्थ. नंतर तो तळहात उघडा होऊन माझ्या बोटांखाली थांबला. सौदा पक्का करायची वाट बघत.

मी हात मारला नाही. लाईट आली. लिफ्ट चौथ्या मजल्यावर जाऊन उघडली. आत मी आणि माझा दुपट्टा.

माझा पहिला संशय सेठच्या मुलावर. पुन्हा लिफ्टमध्ये बसायची हिंमत नव्हती, म्हणून जिन्याने खाली उतरलो. वॉचमनला विचारलं, मेन स्विच कुणी बंद केला? तो म्हणाला, सगळ्या चौकाची लाईट गेली होती. समोरच्या चहावाल्याला विचारून मी खात्री करून घेतली. तसाच मुलाच्या ऑफिसात गेलो आणि काही न बोलता त्याचा हात दुपट्ट्याखाली घेऊन चार बोटं धरली, करंगळी दाबली. त्याचं तोंड मी नीट पाहत होतो. खोटं बोलणाऱ्याची पापणी मला कळते.

तो हसायला लागला. "काका, गुदगुल्या होऊन राह्यल्या. काय झालं तुमाले?"

त्याला ती भाषा येत नव्हती. शिवाय हिशेबी डोक्याने विचार करा. मला पिटाळून लावायचं असतं तर त्याने भीती घातली असती. हा हात तर मला डावा फ्लॅट धरून ठेव म्हणत होता. त्यात मुलाचा काय फायदा?

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. वर मी लिहिलं, चार बोटं, मग अंगठा. ते पुरतं खरं नाही. त्या दिवशी ऑफिसात सेठने आधी करंगळीच दाबली होती. मी हात सोडवून घेतला आणि स्वतःच अंगठा त्यांच्या मुठीत दिला. त्यांनी तो दाबला नाही, नुसता धरून ठेवला. ते पुढे काही करायच्या आत मी तळहात मारून मोकळा झालो. बाजारात याला घाईने पाडलेला सौदा म्हणतात. तेवढ्यावर मी वर्षभर अख्ख्या इमारतीशी भांडलो. हे दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक गेलेला होता.

दुपारी मास्तर आले. मी त्यांना चहा पाजला आणि फ्लॅट विकायचा नाही असं सांगितलं. ते चिडले, त्यांचा हक्कच होता. सुमनने कारण विचारलं नाही. फक्त संध्याकाळी म्हणाली, "चाला, कुल्फी खाऊ." गेलो.

माझ्याच मनाने हे सगळं रचलं असेल का? असेल. सकाळी बायको बोलली ते लागलं होतं, ऊन लागलं होतं. पण मनाला आखूड बोट असतं का? दुसऱ्या दिवसापासून साडेअकराला मी लिफ्टमध्ये उजवा हात पुढे करून, वर दुपट्टा टाकून, तळहात उघडा ठेवून उभा राहतो. राहिलेली टाळी द्यायची आहे. बरेच दिवस झाले, कुणी हात धरला नाही. लाईटही दोनदा गेली, तरी नाही.

परवा सुमन सोबत होती. तिने माझ्याकडे बघितलं. "काऊन असा हात धरून उभे राह्यले हो?" असं म्हणत भाजीची पिशवी त्या हाताला अडकवली आणि लिफ्ट उघडल्यावर पुढे चालू लागली... डावीकडे.

ते काय होतं, मला अजून कळलेलं नाही. कुणाला कळलं तर सांगा, पण तोंडी सांगा. हात पुढे करू नका.