दाताखालची माती

माझी माय माती खाते हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नाही, कारण शेजारची काकू खायची, मागच्या घरची म्हातारी खायची. आमचं गाव जाफराबाद तालुक्यातलं, तलावाच्या काठाचं. दिवाळीनंतर पाणी उतरायला लागलं की उघडा पडलेला गाळ उन्हानं तडकतो आणि त्याच्या पापडासारख्या खपल्या उठतात. बाया त्या वेचायच्या, तव्यावर भाजायच्या आणि पदराच्या गाठीत बांधून ठेवायच्या. काम करता करता एक तुकडा तोंडात टाकायचा. कुडुम कुडुम आवाज यायचा.

"खाऊन तर बघ, फुटाण्यावानी लागती," माय म्हणायची. मी बघितली. मग मलाही ती रोज लागायला लागली.

आमची स्वतःची जमीन थोडी, तीही मुरमाड. घर चालायचं ते गाळावर. पाणी मागं मागं सरकतं तशी माणसं त्याच्या पाठीमागं पेरत जातात, आधी गहू, हरभरा आणि शेवटी शेवटी काकडी. याला गाळपेर म्हणतात. खत लागत नाही, नांगर लागत नाही, म्हणून आमच्याकडं गाळाला लक्ष्मी मानतात आणि चप्पल घालून कुणी तिच्यात शिरत नाही. सकाळी काठावर चपलांची रांग लागते, देवळाबाहेर लागते तशीच.

त्याच काठाला बेशरमाची झुडपं माजलेली असतात आणि सगळं गाव त्यांच्या आडोशाला परसाकडं बसतं. घरोघरी संडास झालेत, नाही असं नाही. पण दिवसभर रानात असलेलं माणूस तेवढ्यासाठी गावात कसं जाणार? आणि काठ तर रोज सरकत असतो. आज जिथं आडोशाला बसलो, पंधरवड्यानं तिथंच अनवाणी पेरायला उभं राहायचं. पेरणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत खाज सुटायची. आम्ही तिला चिखल्या म्हणायचो, मेंदी थापायचो आणि विसरून जायचो.

शाळेत होते तोवर गुरुजी जंताची गोळी द्यायचे, समोर उभं करून चावून खायला लावायचे. सातवीनंतर माझी शाळा सुटली. मायला दम लागायला लागला होता. घागर घेऊन चढ चढताना ती मधेच बसायची, चेहरा हळदीसारखा पिवळा दिसायचा. तिच्या वाटचं काम मग माझ्याकडं आलं. शाळा सुटली तशी गोळीही सुटली. ती गोळी मोठ्या माणसानं घ्यायची असते हे आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

आजूबाजूची गावं आम्हाला झोपाळू म्हणायची. आमची पोरं जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात लागायची आणि धाप लागते म्हणून परत यायची. मला बघायला पाहुणे आले, तेव्हा त्यांच्यातल्या एका म्हातारीनं माझी खालची पापणी बोटानं ओढून बघितली आणि म्हणाली, "तळ्याकाठची पोर हाय. चहा करता करता चुलीपाशीच झोपायची ही." सगळे हसले. मायही हसली, आणि हसता हसता तिला खोकल्यासारखी धाप लागली.

तरी लग्न झालं. नवरा सुरतेला साड्यांच्या कामावर, म्हणून मीही इथं आले. माझं काम साड्यांच्या घड्या घालण्याचं. एक दिवस घडी घालता घालता मी गठ्ठ्यावरच आडवी झाले. आमची घरमालकीण म्हणजे एक गुजराती म्हातारी, सगळी चाळ तिला बा म्हणते. तिनं मला रिक्षात घातलं आणि स्वतः दवाखान्यात घेऊन गेली. माझं तिचं नातं काही नाही, भाषासुद्धा एक नाही. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, शौच तपासलं आणि म्हणाल्या, पोटात जंत आहेत, आतड्याला आकड्यासारखे धरून रक्त पितात; शौचातून मातीत जातात आणि उघड्या पायांच्या कातडीतून आत शिरतात. मग विचारलं, "ओल्या मातीत अनवाणी चालत होता का?"

माझ्या डोळ्यापुढं काठावरच्या चपला आल्या.

जंताची गोळी खाल्ली, पुढं कित्येक महिने लोहाच्या गोळ्या खाल्ल्या. बा रोज दारात उभी राहून विचारायची, "गोळी खाधी?" नाही म्हटलं की आत येऊन बसायची, खाल्ल्याशिवाय उठायची नाही. एके दिवशी मी पाण्याचा हंडा घेऊन न थांबता जिना चढले आणि वर जाऊन रडले. माणसाचं अंग इतकं हलकं असतं हे मला माहीतच नव्हतं. बाचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत. तिचे गुडघे दुखतात, त्यांना तेल लावून देते, तेवढंच.

आणि माझं मातीवरचं मन उडालं. मायनं सुरतेला येताना पिशवीत बांधून दिलेल्या खपल्या डब्यात तशाच पडून राहिल्या. डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, अंगातलं रक्त कमी झालं की अशी इच्छा होते, रक्त भरलं की जाते. घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यासमोर मायच्या पदराची गाठ होती.

त्या वर्षी गावाला गेले तर मायचं तोंड सुजलेलं, पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा. तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त इतकं खाली गेलं होतं की बाहेरून चढवावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "एवढं रक्त पुन्हा कमी झालं, तर यांच्या हृदयाला झेपणार नाही. ओल्या मातीत अनवाणी जाऊ देऊ नका." हे वाक्य मी तेव्हापासून सांभाळते आहे. भाकरी थापतानाही ते मधेच आठवतं.

मायला पटत नव्हतं. "जंत लेकराला होत्यात, बाई. म्या काय लेकरू हाय का? गावात बोलू नको बरं, लोक हसतील."

"हसू दे ना."

"तू जाशील सुरतेला. मला हितं राहायचंय."

गोळ्या मात्र तिनं खाल्ल्या. दादाला दिली तर म्हणाला, "मला काय धाड भरलीय?" आणि तेवढं बोलून खाटेवर आडवा झाला. भर सकाळी. वहिनी माझ्याकडं बघून हसली, पण तिनंही गोळी घेतली नाही. दोन-तीन महिन्यांनी मायचा आवाज फोनवर खणखणीत यायला लागला. माती सुटली म्हणाली. मी बाच्या हातात साखर ठेवली.

पुढच्या खेपेला मी आमच्या तालुक्यातल्या टेंभुर्णीच्या बाजारातून मायसाठी गमबूट घेतले, गुडघ्याएवढे, काळे. माय ते घालून अंगणात उभी राहिली. "फौजदारावानी दिसून राह्यले का न्हाई?" म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी गाळावर निघालो. ती बूट वाजवत पुढं, मी मागं. वाटेत भेटेल त्या बाईला थांबवून सांगायची, "लेकीनं आणले. बिलकुल पाय भरत न्हाईत." मला इतकं बरं वाटत होतं, की मी तिच्या पावलांकडंच बघत चालले होते.

काठ आला. माय खाली बसली, एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही चपलांच्या रांगेत नीट मांडले, वाकून गाळाला हात लावला, तो कपाळाला लावला आणि अनवाणी आत शिरली.

"माय! आत घालायचेत ते."

"आत? लक्ष्मीत? येडी का खुळी तू?"

"मंग रस्त्यानं कशाला घातले?"

"तूच म्हन्लीस ना, घाल म्हणून. घरून निंगल्यापासून घातलेत की."

ती खोटं बोलत नव्हती, मला चिडवतही नव्हती. माझं मन राखलं असं तिला मनापासून वाटत होतं. मी हट्टानं ते बूट माझ्या पायात घातले आणि गाळात उतरले. चार पावलांतच बूट रुतला, पाय वर आला आणि बूट खालीच राहिला. पेरणाऱ्या बाया हसायला लागल्या. "सुरतेची मेमसाब आली गं!" शेजारची काकू ओरडली. मी एका पायावर तोल सावरत होते, शेवटी तो पाय गाळात टेकवावाच लागला. गार, मऊ गाळ बोटांच्या बेचक्यांतून वर आला. खरं सांगते, बरं वाटलं. आणि त्याच क्षणी पाय उपसला, रुतलेला बूट ओढून काढला आणि काठाकडं वळले.

काठावर आल्यावर मी मायला ते वाक्य सांगितलं, हृदयाचं. तिनं माझा पाय स्वतःच्या पदरानं पुसला. म्हणाली, "गाळ सोडून खावं काय, ते सांग."

मी बूट धुऊन परत रांगेत ठेवले. आता गावाकडं कुणी निघालं की त्याच्याबरोबर गोळ्या पाठवते. माय त्या खाते, काही दिवस बरी असते. मग पाणी उतरतं.

यंदा तलाव काठोकाठ भरला होता, म्हणून पाणी उशिरा उतरलं. मी दुपारच्या सुट्टीत फोन करते, तेव्हा ती गाळावर असते. हल्ली मी बोलते कमी, ऐकते जास्त. परवाही तसंच.

"गोळी खाल्ली का?"

"खाल्ली की. बराबर खाल्ली."

"बूट?"

"आणलेत ना. ते काय, काठावरच दिसून राह्यलेत."

"दम लागतो का?"

"न्हाई. तू तुझं बघ. बा बरी हाय का?"

मी सांगायला लागले, बाचे गुडघे, इथली थंडी. आणि माझ्या बोलण्याच्या मधेच पलीकडून आवाज आला. कुडुम. थोडं थांबून परत, कुडुम.

"माय, काय खातीस?"

नुसता वारा ऐकू येत होता. लांबून कुणीतरी बाई कुणाला तरी हाका मारत होती.

"फुटाणे गं, बाई," माय म्हणाली, आणि तेवढ्या दोन शब्दांतच तिला धाप लागली.